बहावा, पंचेचाळीस दिवस आणि माझी वही

टेकडीकर | १३ एप्रिल २०२५

परवा, ११ तारखेला, पुण्यातल्या आमच्या गल्लीतल्या बहाव्याचा पहिला घोस उघडला. आणि आज सकाळी मावसभावाकडून तो संदेश आलाच: "बहावा फुलला की बरोबर पंचेचाळीस दिवसांत पाऊस. आपल्या पूर्वजांना हवामान खात्याची गरज नव्हती." दरवर्षी येतो. चित्रही तेच असतं, कोपऱ्यात गुलाबासकट.

मी २०१९ पासून एक वही ठेवली आहे. निवृत्तीनंतर रोज सकाळी टेकडीवर जायचं डॉक्टरांनी सांगितलं आणि रिकाम्या डोक्याने चालवेना, म्हणून सुरू झाली. फार शास्त्रीय काही नाही. जानेवारीत काटेसावर पानं टाकून कळ्या धरते, ती तारीख. तांबट पक्षी पहिल्यांदा सलग ठोकायला लागतो तो दिवस. होळीच्या आसपास करंजाला एका आठवड्यात जी लखलखीत पोपटी पालवी फुटते, ती. पिंपळाची तांबूस पानं, कडुनिंबाचा मोहोर, मग बहावा. पुढे पावशा, पहिला बेडूक, धोबी पक्षी परत आला तो दिवस, आणि शेवटी सातविणीचा वास, ज्याने आमच्या हिचं डोकं दुखतं (ती नोंद आपोआप होते).

एकच नियम पाळतो. जमिनीवर उभं राहून, चष्मा लावून, पाची पाकळ्या पूर्ण उघडलेलं एक तरी फूल दिसलं तर ते "पहिलं फूल". फुगलेली कळी धरायची नाही. शेजारच्या गल्लीतलं झाडही धरायचं नाही.

तर माझ्या बहाव्याच्या तारखा देतो, सोबत मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याची तारीख:

२०१९: १९ एप्रिल, पाऊस २५ जून. ६७ दिवस.
२०२२: ६ एप्रिल, पाऊस ११ जून. ६६ दिवस.
२०२३: १४ एप्रिल, पाऊस २५ जून. ७२ दिवस.
२०२४: १७ एप्रिल, पाऊस ९ जून. ५३ दिवस.

२०२० मध्ये टाळेबंदीत गावी अडकलो होतो, आणि २०२१ ला मी स्वतःच आजारी. यंदाचे पंचेचाळीस दिवस २६ मे ला भरतात. मुंबईची सरासरी तारीख ११ जून आहे. बघू या. तुमच्यापैकी कोणी अशा नोंदी ठेवतं का?

---

आळशी मांजर | १३ एप्रिल २०२५

धागा आवडला. मी नोंद ठेवते: ज्या दिवशी आंबा डझनाला हजाराच्या खाली येतो.

---

अधिकमास | १३ एप्रिल २०२५

पुण्याचं झाड मुंबईच्या पावसाला का जुंपलंत?

---

टेकडीकर | १३ एप्रिल २०२५

मुंबईच्या तारखा पाठ आहेत म्हणून. पुण्यात तो साधारण एक-दोन दिवसांच्या फरकाने येतो. ५३ आणि ७२ मधल्या फरकात तेवढं खपून जावं.

---

मोहफूल | १४ एप्रिल २०२५

काका, आमच्याकडे गडचिरोलीला बहाव्याकडे पाहायला सध्या कोणाला वेळ नाही, मोहाचा हंगाम संपतोय. मोह रात्री फुलतो आणि पहाटे टपटप गळतो. बाया तीन-चार वाजता टोपल्या घेऊन निघतात, कारण उजाडल्यावर गुरं आणि हरणं आधी पोचतात, आणि अस्वल आलं तर मग वेचायचं राहूनच जातं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. आईला तिच्या सात झाडांचा क्रम तोंडपाठ आहे, कोणतं आधी, कोणतं मागून. नाल्याकडचं झाड दरवर्षी आठ-दहा दिवस मागे. तिने कधी वहीत लिहिलं नाही, पण विचारलं तर "मागच्या साली होळीच्या आधीच सुरू झाला होता" असं सांगते.

वाईट भाग म्हणजे झाडाखालचा पाला साफ करायला कोणी काडी लावतं आणि वणवा पसरतो. आता काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. तिच्यावर फूलही स्वच्छ मिळतं.

---

अधिकमास | १४ एप्रिल २०२५

मोहफूल, इथेच गोम आहे. "होळीच्या आधी" म्हणजे कधी? होळी चांद्र तिथीवर. दसरा बघा: २०२३ ला २४ ऑक्टोबर, २०२४ ला १२ ऑक्टोबर, यंदा २ ऑक्टोबर. बावीस दिवस मागे सरकला. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, की लगेच २० ऑक्टोबरवर उडी. झाडाला यातलं काही ठाऊक नाही. सणाशी जोडून ठेवलेल्या आठवणीत झाड एकाच जागी असतं आणि सण पुढे-मागे डुलतो, पण आपल्याला वाटतं झाडच डुललं.

शेतकरी यात फसला नाही, बरं का. सण चंद्रावर ठेवले, पण पाऊस ठेवला सूर्यावर. रोहिणी २५ मे च्या आसपास, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, असं स्वातीपर्यंत. ही सूर्याची नक्षत्रं आहेत, दरवर्षी त्याच तारखेला लागतात, एखादा दिवस इकडेतिकडे. अधिक महिना आला तरी मृग हलत नाही.

हलतो, पण फार सावकाश. पृथ्वीच्या अक्षाच्या गिरकीमुळे साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस. म्हणजे हजार वर्षांपूर्वी सूर्य मृगात यायचा तो ऋतूंच्या हिशेबाने आजच्यापेक्षा दोन आठवडे आधी.

---

शिवारातून | १४ एप्रिल २०२५

मास्तर, हजार वर्षांचं सोडा. आमच्या आजीचं गणित: पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनांचा. तरणा जोरात येतो आणि म्हातारा रेंगाळतो. "पडेल उत्तरा तर भात खाईना कुत्रा" म्हणायची, म्हणजे इतकं पिकतं की कुत्रंही तोंड फिरवतं. आता आमच्याकडे भात नाही, सोयाबीन आहे, आणि काढणीच्या तोंडावर उत्तरा-हस्त पडला तर कुत्र्यालाच काय, आम्हालाही खायला राहत नाही. म्हण पिकाप्रमाणे उलटी होते.

---

टेकडीकर | १५ एप्रिल २०२५

शिवारातून, हे शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतो.

---

तोक्योवासी | १६ एप्रिल २०२५

"पाची पाकळ्या उघडलेलं एक फूल" हा नियम वाचून हसू आलं, कारण इथे तो सरकारी आहे. तोक्योत साकुरा, म्हणजे चेरी, फुलला की नाही हे यासुकुनी देवळाच्या आवारातलं एक ठरलेलं झाड ठरवतं. हवामान खात्याचा माणूस येतो, झाडाखाली मान वर करून फुलं मोजतो, समोर टीव्हीचे कॅमेरे. पाच-सहा फुलं उघडली की घोषणा. चार असली तर "आज नाही". शेजारचं झाड गुलाबी होऊन सांडत असलं तरी चालत नाही.

क्योतोमध्ये तर साकुराच्या भरबहराच्या तारखा इसवी सन ८१२ पासून सापडतात. दरबारी लोकांच्या रोजनिशांत, मेजवान्यांच्या नोंदींत. त्यांना हवामानाचं काही पडलं नव्हतं, फुलाखाली बसून पिणं ही मूळ गोष्ट होती. २०२१ ला भरबहर २६ मार्चला आला, इतका लवकर तोवरच्या अख्ख्या यादीत नव्हता.

गंमत अशी, की त्याच २०२१ पासून इथल्या खात्याने आपल्या नोंदी छाटल्या. आधी सत्तावन्न प्रकार होते, पहिली चिमणपाखरं, बेडूक, काजवे, सगळं. आता फक्त सहा वनस्पती उरल्या. शहरात झाडं आणि प्राणी सापडेनासे झाले हे एक कारण दिलं. म्हणजे नोंद बंद पडली हीच एक नोंद.

---

खाडीकाठ | १६ एप्रिल २०२५

सध्या आमच्या खिडकीतून ठाण्याच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) दिसतायत. ओहोटीला चिखलावर गुलाबी पट्टा. पाऊस येण्याआधी बरेचसे उडतील. मी त्यांच्या तारखा लिहायचा प्रयत्न केला, पण "पहिला आला" हे कळतं, "शेवटचा गेला" हे कसं कळणार? आज दिसला नाही म्हणजे गेला, की भरती होती म्हणून दिसला नाही?

---

टेकडीकर | १७ एप्रिल २०२५

म्हणूनच मी जाण्याच्या तारखा सोडून दिल्या. "शेवटची कोकीळ" म्हणून जी लिहिली, ती दोन वेळा दुसऱ्या दिवशी परत ओरडली.

---

पानगळ | १९ एप्रिल २०२५

शाळेत शिकवते, म्हणून थोडं शिकवल्यासारखं होईल, माफ करा.

सीझनवॉच नावाचा प्रकल्प आहे, देशभरात लोक एकेक झाड निवडतात आणि दर आठवड्याला बघतात: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची आणि पिकली फळं. प्रत्येकापुढे एवढंच लिहायचं: नाही, थोडी, की पुष्कळ. माझ्या सातवीच्या मुलांनी शाळेतला कांचन, आंबा आणि शिरीष घेतला. पहिले दोन महिने मुलं कंटाळली, कारण "काहीच होत नाही". मग एका मुलाला दिसलं की आंब्याच्या रस्त्याकडच्या फांद्यांना मोहोर आहे आणि भिंतीकडच्या फांद्यांना कोवळी पानं. एकाच झाडावर दोन ऋतू! त्यानंतर मधल्या सुट्टीत झाडाखाली भांडणं.

बहाव्याबद्दल: झाडाला कळतं ते त्याच्या मुळाशी आणि फांदीपाशी घडणारं. ऊन, रात्रीची उष्णता, दिवसाची लांबी, मातीतली ओल. मोसमी पाऊस ठरतो विषुववृत्ताच्या पलीकडून समुद्र ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांवर. गल्लीतल्या झाडाला ते एप्रिलमध्ये कळावं असा मार्ग मला तरी दिसत नाही. बहावा सहसा एप्रिलमध्ये फुलतो, पाऊस सहसा जूनमध्ये येतो, मधे दीड-दोन महिने जातातच. दोन गाड्या आपापल्या वेळापत्रकाने धावतात, आपण फलाटावर उभं राहून म्हणतो, पहिलीने दुसरीला बोलावलं.

---

आळशी मांजर | १९ एप्रिल २०२५

बाई, रस्त्याकडची फांदी आधी का?

---

पानगळ | १९ एप्रिल २०२५

ऊन जास्त असेल, डांबराची धग असेल, मागच्या वर्षी त्या बाजूला फळ कमी धरलं असेल. मुलांना मी "शोधा" म्हणून सांगितलं आहे, म्हणजे मला नक्की सांगता येत नाही.

---

आळशी मांजर | २६ मे २०२५

टेकडीकर काका!!! पाऊस! मुंबईत आज मोसमी पाऊस आला म्हणून जाहीर झालं. ११ एप्रिल ते २६ मे. मोजा. पंचेचाळीस!

---

खाडीकाठ | २६ मे २०२५

बरोब्बर पंचेचाळीस. आमच्या सोसायटीच्या गटावर बहाव्याचा फोटो फिरतोय. आणि हो, इतक्या लवकर मुंबईत पोचल्याची नोंदच नाही, असं बातम्यांत सांगतायत.

---

टेकडीकर | २७ मे २०२५

काल दिवसभर फोन वाजतोय. मावसभाऊ दोनदा बोलला. मी हरलो असं धरून पेढे मागतोय.

पण बघा ना. पाच वर्षांत माझा बहावा ६ ते १९ एप्रिल एवढ्यातच फिरला, तेरा दिवस. पाऊस २६ मे ते २५ जून, तीस दिवस. यंदा पाऊस तब्बल पंधरवडा आधी आला, मग बहाव्यानेही तेवढंच आधी फुलायला हवं होतं. तो फुलला ११ एप्रिलला, २०२३ च्या तीनच दिवस आधी. आणि २०२३ ला पाऊस यंदापेक्षा महिनाभर उशिरा होता. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं.

तरी एक कबूल करतो. काल पहिल्या सरी पडताना मी गच्चीत होतो आणि समोर तो बहावा भिजत होता, निम्मे घोस गळलेले. क्षणभर मलाही वाटलं, याला माहीत होतं.

---

अधिकमास | २७ मे २०२५

मृग अजून लागायचाय आणि मृगाचे किडे आमच्या मैदानात फिरतायत, लाल मखमली. नक्षत्र पंचांगात असतं, किड्याला फक्त भिजलेली माती कळते. माझ्याच परवाच्या व्याख्यानाला हे उत्तर.

---

वळगण | २९ मे २०२५

नमस्कार, संगमेश्वरहून. आमच्याकडे यंदा सगळंच आधी आणि सगळंच अर्धं.

एरवी मे अखेर म्हणजे करवंदं, जांभळं, शेवटचा रायवळ, अंगणात वाळत पडलेली कोकमं आणि फणसाची साठं. पाऊस येण्याआधी लाकडं घरात घ्यायची, पेंढा झाकायचा, कौलं चाळायची. या कामांना आम्ही आगोट म्हणतो. या वर्षी आगोटीला वेळच मिळाला नाही. कोकमं वाळली नाहीत, बुरशी धरली. जांभळं पाण्याने फुगून फुटली आणि झाडाखाली जांभळा चिखल झाला. आंबा काढायचा राहिला तो झाडावरच सडला.

दुसरीकडे वळगण. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला गढूळ पाणी येतं आणि नदीतले मासे उलटे चढून शेताकडे येतात, अंडी घालायला. रात्री कंदील आणि कोयता घेऊन सगळा वाडा ओढ्यात. लहानपणी मीही होतो. आता मात्र मला ते बघवत नाही, पोटात अंडी असलेला मासा मारायचा आणि पुढच्या वर्षी "मासा कमी झाला" म्हणायचं. वाडीत हे बोललो तर म्हणतात, मुंबईला राहून आलास.

---

खाडीकाठ | ३० मे २०२५

वळगण, शेवळं (पहिल्या पावसाची रानभाजी) आली का हो बाजारात? ठाण्याला आज दोन वाटे दिसले, सोबत काकडंही होती, ती आंबट फळं.

---

वळगण | ३० मे २०२५

आली. काकडं घालायला विसरू नका, नाहीतर घशाची खाज दोन दिवस धागा लिहू देणार नाही.

---

घाटवाट | ३ जून २०२५

काजव्यांसाठी भंडारदऱ्याला गेलो होतो, ३१ मे च्या रात्री. दरवर्षी मे चा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा हा हुकमी काळ. झाडावर हजारो काजवे एका तालात विझतात-पेटतात, अख्खा हिरडा किंवा सादडा श्वास घेतोय असं वाटतं. यंदा पावसाने धुतलं, तीन-चार झाडांवर थोडेसे. आमच्या वाटाड्याचं म्हणणं, बरेचसे आधीच येऊन गेले.

पण तिथेही आमच्या पुढेमागे गाड्यांचे दिवे आणि मोबाईलच्या विजेऱ्या होत्याच. काजव्याला जोडीदार प्रकाशावरून शोधायचा असतो. तेव्हा पाऊस जबाबदार की आम्ही, हे एका रात्रीवरून सांगत नाही.

---

टेकडीकर | १२ जून २०२५

पावशा मात्र आपल्या वेळेवर. मे च्या मध्यापासून "पेरते व्हा, पेरते व्हा" चालूच. चातक अजून नाही. दोघंही अंडी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात घालतात, तेव्हा त्यांचा हंगाम सातभाईंच्या घरट्यांवर बांधलेला, आपल्या पेरणीवर नाही. शेतकऱ्याने ऐकलं ते आपल्या कामाचं ऐकलं.

---

शिवारातून | २९ सप्टेंबर २०२५

बरेच दिवसांनी. हस्त लागला परवा. आमच्याकडे त्याआधीच सगळं पाण्यात गेलं, काढणीला आलेलं सोयाबीन उभ्या जागी कोंब फुटून हिरवं झालं. शेताच्या वरची माती वाहून ओढ्यात गेली, ती एका हंगामात परत येत नाही. धाग्यावर लिहायचं म्हणून नाही लिहीत. एप्रिलमध्ये मी इथे कुत्र्याची म्हण सांगितली होती, ती आठवली.

---

टेकडीकर | २९ सप्टेंबर २०२५

काय बोलू. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे, बघा.

---

मोहफूल | ३० सप्टेंबर २०२५

दादा, काळजी घ्या.

---

टेकडीकर | ९ नोव्हेंबर २०२५

सातवीण जोरात. हिने खिडक्या लावून घेतल्या. धोबी आला, नेहमीप्रमाणे पाण्याच्या टाकीवर शेपटी हलवत.

एक अडचण आली आहे. गेल्या आठवड्यात वीजतारांखालच्या फांद्या तोडायला माणसं आली आणि बहाव्याची रस्त्याकडची सगळी बाजू छाटून गेली. पहिला घोस दरवर्षी त्याच बाजूला यायचा, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. झाड जिवंत आहे. पण पुढच्या वर्षी पहिलं फूल दुसऱ्या फांदीवर उशिरा आलं, तर मी काय लिहू? बहावा उशिरा फुलला की फांदी गेली?

---

तोक्योवासी | १० नोव्हेंबर २०२५

इथे ठरलेल्या झाडाला राखीव झाडही असतं. मूळ झाड म्हातारं झालं किंवा वादळात मोडलं तर नोंद तुटू नये म्हणून काही वर्षं दोन्ही झाडं सोबत मोजतात. तुम्ही आत्ताच एक शोधा.

---

पानगळ | १० नोव्हेंबर २०२५

+१. आणि छाटणीची तारीखही वहीत लिहा काका. तीही घटनाच आहे.

---

आळशी मांजर | १० नोव्हेंबर २०२५

आमच्या इमारतीमागे एक बहावा आहे, तुमच्यापासून दोन गल्ल्या. एप्रिलमध्ये मी बघीन. जमिनीवर उभं राहून, पाची पाकळ्या, कबूल. चष्मा मला नाही.

---

टेकडीकर | १० नोव्हेंबर २०२५

ठरलं, राखीव झाड तुझ्याकडे. मावसभावाला मात्र सांगू नकोस, तो दोन्ही झाडांचे पंचेचाळीस मोजेल.